शस्त्रवैद्याच्या हाताची परीक्षा

जानेवारी २०२५ मध्ये जयपूरच्या मणिपाल रुग्णालयात एका रुग्णाच्या छातीतील धमनी मोकळी करून घेण्याची शस्त्रक्रिया झाली. रुग्ण जयपुरात होता, शस्त्रवैद्य डॉ. सुधीर श्रीवास्तव मात्र २८६ किलोमीटर दूर, गुरुग्राम येथे बसले होते. 'एसएसआय मंत्रा' या भारतीय यंत्राने त्यांच्या हातांची हालचाल जयपूरपर्यंत पोहोचवली आणि ते काम ५८ मिनिटांत पुरे झाले. अंतर जिंकल्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु यातली अधिक दूरगामी गोष्ट वेगळीच आहे. अशी हालचाल दूर पाठवायची तर ती आधी आकड्यांत उतरवावी लागते. आणि जे आकड्यांत उतरले ते जपून ठेवता येते, तपासता येते. शस्त्रवैद्याच्या कौशल्याची परीक्षा आता यंत्रालाही घेता येईल, असा याचा अर्थ.

ही परीक्षा नवी नव्हे. शिष्याने आधी कोहळा, भोपळा, काकडी यांवर हात बसवावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पुढे परीक्षक उरे तो गुरूची नजर. ती नजर खोटी नसते, हे २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसून आले. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शस्त्रवैद्यांच्या चित्रफिती त्यांच्याच समव्यवसायी मंडळींनी, नावे ठाऊक नसताना, पाहून गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या गटातील रुग्णांपैकी १४.५ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर उपद्रव झाले. सर्वांत अधिक गुणांच्या गटात हे प्रमाण ५.२ टक्के होते. हाताचे कौशल्य हा रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे, तो असा.

परंतु अनुभवी नजरा थोड्या आणि शिकणारे हात पुष्कळ. म्हणून उदाहरणांवरून स्वतःच नियम शोधणाऱ्या गणकयंत्राकडे हे काम सोपवण्याचे प्रयत्न चालू आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ साली ८ शस्त्रवैद्यांच्या टाके घालण्याच्या, गाठ मारण्याच्या आणि सुई ओवण्याच्या हालचालींची नोंद अभ्यासकांना खुली केली. दर सेकंदास ३० वेळा केलेली ही नोंद वाचून नवशिका कोण आणि निष्णात कोण, हे यंत्र ओळखू लागले.

येथेच खरी अडचण उभी राहते. 'तू नवशिका आहेस' एवढेच ऐकून कोणता विद्यार्थी सुधारेल? अशा निकालावर कोणाचा शस्त्रक्रियेचा अधिकार काढून घेतला, तर त्याने दाद कशाच्या आधारे मागावी? म्हणूनच २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी यंत्राला निकालाबरोबर कारणही दाखवायला लावले. हालचालीच्या रेषेवर, जेथे हात नवशिक्याचा वाटला, तो भाग वेगळ्या रंगाने उमटतो. विद्यार्थ्याला आपला दोष नेमका कोणत्या क्षणी घडला हे कळते आणि तेवढाच भाग तो पुन्हा गिरवू शकतो.

अर्थात, दाखवलेले कारण खरेच असेल असे नाही. यंत्राची नजर कोठे गेली एवढेच तो रंग सांगतो. ती योग्य ठिकाणी गेली की नाही, हे जाणत्या शस्त्रवैद्यानेच ठरवावे लागते. शिवाय वरील नोंदीत निष्णातपणा ठरला तो यंत्रावर घालवलेल्या तासांवरून आणि सरावाच्या मेजावर. रुग्णाच्या प्रकृतीवरून नव्हे. अवघड रुग्ण आपणहून स्वीकारणाऱ्या शस्त्रवैद्याचा हात संथ दिसेल, आणि आंधळा हिशेब त्यालाच कमी गुण देईल.

जयपुरातच सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले सम्राट यंत्र आहे. सुमारे २७ मीटर उंचीच्या त्या दगडी यंत्राची सावली आणि तिच्याखालची खूण दोन्ही सर्वांना दिसतात. ज्याला शंका येईल त्याने स्वतः वाचून पाहावे. माणसाच्या कौशल्याचा न्याय करणाऱ्या नव्या यंत्राकडूनही एवढ्याच उघडेपणाची अपेक्षा आहे. ज्याला आपल्या निकालाचे कारण दाखवता येत नाही, त्याच्या हाती ना विद्यार्थ्याचे भवितव्य द्यावे, ना रुग्णाचा जीव.