गाडी लई भारी, पण ड्रायव्हर बसतोय का?

कोल्हापुरातून मी बोलतोय आणि तुम्ही ऐकताय, बहुतेक बसमध्ये किंवा जेवण झाल्यावर अंथरुणात पडून. आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. तो विचारतो, "दादा, भाच्याकडं लेगोची माणसं आहेत, हॉट व्हील्सच्या गाड्या पण ढीगभर आहेत. पण माणूस गाडीत बसतच नाही. मग कुठली गाडी घेऊ?"

प्रश्न बारका वाटतो, पण यात पैसे वाया जातात राव. गाडी घरी येते, पोरगं माणूस कोंबायला बघतं, काच तुटते आणि रडारड सुरू.

तर आधी हिशोब करू. लेगोचा हा माणूस १९७८ साली आला. केस किंवा टोपी सोडली तर उंची साधारण ४ सेंटीमीटर. हॉट व्हील्सची गाडी साधारण १:६४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याची. त्या मापात आपला माणूस अडीच मीटरचा झाला, आठ फुटांच्या वर! कसा बसणार?

मग काही जण म्हणतात, १:४३ ची गाडी घ्या. उंचीच्या हिशोबानं ते बरोबर आहे. पण खरी गोम रुंदीत आहे. या माणसाची रुंदी, एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत, अंदाजे अडीच सेंटीमीटर. त्याच मापानं मोठा केला तर तो साडेतीन फूट रुंद होतो. गंगावेश तालमीत पण एवढा रुंद पैलवान सापडायचा नाही! मारुती ८०० ची खरी रुंदी १.४४ मीटर. १:४३ मध्ये ती साडेतीन सेंटीमीटर पण भरत नाही, आणि शेजारीशेजारी दोन माणसं बसवायला पाच लागतात. त्यात या माणसाला गुडघे नाहीत. पाय सरळ पुढं करून बसतो, म्हणजे पुढं पण जागा पाहिजे.

म्हणून गाडीवरचं स्केल वाचत बसू नका, आतली रुंदी मोजा. विटेवर जी गोल बटणं असतात, त्यांच्यातलं अंतर ८ मिलिमीटर. एका माणसाला तीन बटणं, म्हणजे २४ मिलिमीटर जागा धरा. लेगोच्याच स्पीड चॅम्पियन्स गाड्या बघा. २०१५ ला आल्या तेव्हा सहा बटणं रुंद होत्या आणि ड्रायव्हर एकटा मधोमध बसायचा. २०२० पासून आठ बटणं रुंद केल्या, तेव्हा कुठं शेजारी दुसरा बसायला लागला.

दुकानात जाताना तीन बटणं लांबीची एक वीट खिशात टाका. सीटवर आडवी बसली तर माणूस बसेल. महाद्वार रोड असो नाहीतर राजारामपुरी, हीच युक्ती.

दुसऱ्या कंपनीची वीट चालते का? माप तेच असेल तर चालते. मूळ विटेचं पेटंट १९५८ चं, त्याची मुदत कधीच संपली. २०१० मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं पण सांगितलं की विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून अडवून ठेवता येणार नाही. माणसाच्या आकाराचा ट्रेडमार्क मात्र तिथं २०१५ मध्ये टिकला. फक्त पाकिटावर आयएसआय मार्क बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर हे तुकडे त्याच्या हाताला लागू देऊ नका, सरळ तोंडात जातात.

आता माझं मत. या माणसाला सगळ्यात चांगली बसणारी गाडी म्हणजे आपली रिक्षा! ड्रायव्हर एकटा, मधोमध. दोन्ही बाजू उघड्या, त्यामुळं कोपरं बाहेर आली तरी अडत नाहीत. मागं सहा बटणांत दोन पॅसेंजर. हँडल म्हणून साधारण ३.२ मिलिमीटर जाडीची दांडी लावा, त्याच्या मुठी तिला बरोब्बर पकडतात. मी सुट्या विटांतून दोन संध्याकाळी बसून एक बनवली. मागची दोन चाकं एका दांड्यावर, पुढचं एक मधोमध, आणि टप नुसता वर ठेवलेला, म्हणजे माणसं काढताघालता येतात. सजवायचं काय ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

तर त्या श्रोत्याला उत्तर: भावा, आत्ता नवीन गाडी घेऊ नकोस. भाच्याकडच्या विटांचा डबा पालथा कर, तीन चाकं शोध आणि त्याला शेजारी घेऊन बस. चाकंच नसली तर तेवढी विकत घे. रिक्षा झाली की फोटो पाठवा, नंबरप्लेट एमएच-०९ पाहिजे हं! भेटू पुढच्या भागात.