पंखा हवा थंड करत नाही: मागच्या बेडरूममधलं लेट्यूस

आजचा भाग थोडा गरम आहे. अगदी शब्दशः गरम. मागच्या एप्रिलमध्ये मी आमच्या फ्लॅटच्या मागच्या बेडरूममध्ये एक ग्रो टेंट उभा केला. चार बाय चार फुटांचा, साडेसहा फूट उंच, आतून चंदेरी. त्यात पाण्यावर लेट्यूसची ३६ रोपं लावली आणि तीन आठवड्यांत सगळी फेकून दिली.

आता पार्श्वभूमी. फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. हातात तीन महिन्यांचा पगार होता, इंटरव्ह्यू चालू होते, पण घरात नुसतं बसवत नव्हतं. ओळखीतला एक कॅफेवाला म्हणाला, आठवड्याला सात-आठ गड्डे घेतो, जमलं तर वाढवू. मी लगेच एक्सेल शीट उघडली. तंबू, २४० वॅटचा एलईडी, सहा इंची इनलाइन पंखा, पंप, टाकी. शीटमध्ये सगळं होतं. फक्त पुण्याचा एप्रिल नव्हता. त्यात आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड. संध्याकाळी भिंतीला हात लावला तर तव्यासारखी.

अभ्यास मी व्हिडिओ बघून केला होता. आता गंमत ऐका. घरात रोपं वाढवण्याचे जे भारी व्हिडिओ आहेत, त्यातले बरेचसे गांजा लावणाऱ्यांचे. कॅनडात २०१८ पासून ते कायदेशीर आहे, जर्मनीत २०२४ पासून घरी तीन रोपं चालतात. तंबू, डक्ट, पंखे हा सगळा बाजार त्यांच्यामुळेच उभा राहिला. (आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहे. रात्रभर खिडकीतून उजेड दिसायला लागल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी थेट विचारलंच, "काय रे, आत नक्की काय लावलंयस?" त्यांना आत नेऊन पानं खायला दिली.)

तर ते लोक सांगतात, पंखा लावा, आतली गरम हवा बाहेर फेका, काम झालं. बरोबरच आहे. पण त्यांचा तंबू तळघरात असतो आणि बाहेरची हवा १८ डिग्री असते. पंखा हवा थंड करत नाही हो. तो फक्त बदलतो. आत येणारी हवा ३८ ची असेल तर तंबू ३८ च्या खाली कधीच जाणार नाही, पंखा विमानाचा लावा नाहीतर काहीही.

आणि मी तर याहून मोठा गाढवपणा केला होता. पंख्याचा डक्ट खिडकीपर्यंत पुरत नव्हता, म्हणून त्याचं तोंड खोलीतच सोडलं होतं. म्हणजे तंबूतली उष्णता खोलीत, आणि खोलीतली हवा परत तंबूत. इन्फिनिट लूप. पाचव्या दिवशी आत ४१ डिग्री! त्यातले तीन-चार डिग्री सेन्सरवर थेट उजेड पडत असल्यामुळे खोटे होते, हे नंतर कळलं. सेन्सर पानांच्या उंचीवर, पण सावलीत टांगायचा. उरलेले डिग्री मात्र खरेच होते.

मग घाबरून एक जुना पोर्टेबल एसी आणला, एका पाइपचा. तो खोलीतलीच हवा ओढून पाइपातून बाहेर टाकतो, आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटींतून आत येते. खोली थोडी गार झाली, बाकीचं घर भट्टी. आईने दोन दिवस सहन केलं.

तिसऱ्या रात्री बाबा पाणी प्यायला उठले. बाबा महावितरणमधून वायरमन म्हणून रिटायर झालेत. खोलीत आले, एक्स्टेंशन बोर्डाला हाताची मागची बाजू लावली आणि मला हाक मारली. "हे सगळं याच्यावर?" एसी १२०० वॅट, दिवा २४०, पंखे-पंप धरून १५०० च्या आसपास. भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. बोर्ड सहाचा. एसीच्या प्लगभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. शेजारी पाण्याची टाकी, आणि भिंतीपलीकडे आई झोपलेली. बाबा ओरडले नाहीत. मेन स्विच पाडला आणि म्हणाले, "सकाळी बोलू." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळपर्यंत रोपांनीही निकाल दिला होता. मधून दांडा वर आलेला, पानं कडू, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. लेट्यूसला २० च्या आसपास आवडतं, सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे ते फुलावर यायची घाई करतं. मुळांचं कारण वेगळं. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. मुळं गुदमरतात आणि कूज लागते.

मग मी वही घेतली, जे आधी करायला हवं होतं. दिव्याचे २४० वॅट शेवटी जवळपास सगळे उष्णताच होतात, उजेडसुद्धा. आत येणाऱ्या हवेपेक्षा तंबू फक्त ४ डिग्री गरम चालेल असं धरलं, तर तासाला साधारण १८० घनमीटर हवा लागते. म्हणजे मिनिटाला शंभरेक घनफूट, आणि माझा तंबूच १०४ घनफुटांचा. थोडक्यात, दर मिनिटाला पूर्ण तंबू रिकामा. डक्टला वळणं असली की पंखा बॉक्सवर छापलंय तेवढं देत नाही, म्हणून डक्ट सरळ आणि ताणलेला हवा. आमचा आता वरून निघून थेट खिडकीबाहेर जातो. हवा आत येते ती समोरच्या बाजूने, खालून. पंखा चालू असताना तंबूच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या की समजायचं, ठीक चाललंय.

पण खरा फरक पडला तो वेळेने. रोपांना घड्याळ कळत नाही. दिवा १६ तासांवरून १२ वर आणला, रात्री ९ ते सकाळी ९. अकरानंतर बाहेरची हवा पंचविशीच्या खाली येते, पहाटे २१-२२. दिवसा तंबू अंधारात, ३२-३३ ला तग धरून. दिवा ६० टक्क्यांवर केला, त्याचा ड्रायव्हर सोडवून तंबूबाहेर टांगला, वीसेक वॅट तिथेच गेले. टाकीला थर्माकोल गुंडाळला आणि दुपारी बर्फाच्या दोन बाटल्या टाकल्या, की पाणी २३-२४ ला राहतं. कूलरही एक दिवस लावून पाहिला. पुण्याच्या कोरड्या उन्हात हवा गार होते खरी, पण खिडकी उघडी नसेल तर ओल आतच साठते.

पोर्टेबल एसी विकला, तोट्यात. बाबांनी तंबूसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट ओढून दिला, स्वतःचा एमसीबी असलेला, आणि टाकीच्या वरच्या उंचीवर.

दुसऱ्या खेपेला ३६ पैकी ३० रोपं आली. कॅफेवाल्याने घेतली, पैसे रोख दिले. वीजबिल वजा करून काही उरलं का, ते विचारू नका.

आता जून आहे, नोकरी लागली आहे आणि प्रश्न उलटा झालाय. बाहेरची हवा गार आहे, पण ओलीचिंब. पान पाणी सोडत नाही, त्यामुळे कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही, आणि त्यांच्या कडा करपतात. सध्या आत एक छोटा टेबल फॅन पानांवरून फिरता ठेवलाय. दहा दिवस झालेत, चार गड्ड्यांच्या कडा अजून काळ्याच आहेत. पुढच्या भागात सांगतो काय झालं ते. तुमच्याकडे कोकणात किंवा गोव्यात कुणी पावसाळ्यात हे करत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मला खरंच गरज आहे.