दिसणे आणि असणे
(कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



महाराष्ट्रात इंग्रजी हा विषय सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासून शिकविला जातो. नामे व क्रियापदे चित्रे दाखवून, कृती करून शिकविता येतात. परंतु वस्तू कशी आहे हे न सांगता ती कशी दिसते किंवा भासते हे सांगणारी क्रियाविशेषणे वरच्या इयत्तांच्या वाचनात आली, की शिक्षकाची अडचण होते. ‘ॲपरंटली’, ‘सीमिंगली’, ‘एव्हिडंटली’ व ‘ऑब्व्हियस्ली’ ही त्यांपैकी प्रमुख होत. पुष्कळदा या चारींपुढे ‘स्पष्टपणे’ असा एकच अर्थ फळ्यावर लिहिला जातो, आणि घोटाळ्यास तेथूनच आरंभ होतो.

बोलणारा आपल्या विधानाची किती हमी घेतो आणि ती कशाच्या आधारावर घेतो, हे सांगणे हे या शब्दांचे खरे कार्य होय. मराठीत हेच काम आपण ‘म्हणे’, ‘दिसते’, ‘वरवर पाहता’, ‘उघडच’ या शब्दांकडून नित्य करून घेतो. म्हणून मुलांना हा विचार नवा नाही. केवळ शब्द नवे आहेत.

‘गुरुजी आज यायचे नाहीत म्हणे,’ असे मूल सांगते. त्याने ते ऐकलेले असते, पडताळलेले नसते. येथे ‘ॲपरंटली’ शोभते. खोपोलीत कोरडे ऊन आहे, पण बोरघाट उतरून आलेल्या एस. टी.च्या टपावरून पाणी निथळत आहे. घाटात पाऊस पडत असला पाहिजे, हे अनुमान पुराव्यावर उभे आहे. म्हणून तेथे ‘एव्हिडंटली’. तेच मूल ओलेचिंब होऊन दारात उभे राहिले, तर ते भिजले आहे हे सांगण्यास पुराव्याचीही गरज नाही. तेथे ‘ऑब्व्हियस्ली’.

‘सीमिंगली’ या शब्दात मात्र शंकेला जागा ठेवलेली असते. वैशाखात भोवतालचे बहुतेक ओढे आटतात, तरी पाताळगंगा वाहत असते. पाहणाऱ्यास ते डोंगरातील झऱ्यांचे पाणी भासते. वस्तुतः घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण इत्यादी तलावांचे पाणी नळांतून खाली येते, खोपोलीच्या १९१५ साली सुरू झालेल्या वीजगृहातील चक्रे फिरविते आणि मग नदीस मिळते. नदी ‘सीमिंगली’ झऱ्यांवर वाहते, असे म्हणणाऱ्याने खोटे सांगितले नाही आणि खात्रीही दिली नाही.

व्याकरणाची एक चूक येथेच टाळावी. ‘लुक’, ‘सीम’ व ‘ॲपिअर’ ही क्रियापदे भासण्याच्या अर्थी आली, तर त्यांच्यापुढे विशेषण येते, क्रियाविशेषण नव्हे. ‘द हिल लुक्स सेफ’ हे शुद्ध. ‘द हिल लुक्स सेफली’ हे अशुद्ध. ‘ॲपरंटली’ वाक्यारंभी आल्यास त्यापुढे स्वल्पविराम द्यावा.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. यादीत नाव नसणे याचा अर्थ धोका नोंदलेला नाही, एवढाच होता. धोका नाही, असा नव्हता. अशा ठिकाणाला ‘सेफ’ म्हणणे वेगळे आणि ‘ॲपरंटली सेफ’ म्हणणे वेगळे. दुसऱ्या विधानात पुन्हा पाहण्याची, विचारण्याची वाट मोकळी राहते.

म्हणून शिक्षकाने हे शब्द शिकविताना खिडकीबाहेरचा डोंगर, ओढा, आभाळ दाखवावे व प्रत्येक विधानास एकच प्रश्न जोडावा : तू हे पाहिलेस, ऐकलेस, की ताडलेस? ठाकर व कातकरी मुलांना घरच्या बोलीत हे कसे म्हणतात, तेही विचारावे. उत्तर मिळाल्यावरच इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावा. जे मूल पाहिलेले, ऐकलेले व ताडलेले वेगळे ठेवण्यास शिकले, ते इंग्रजी तर शिकेलच. पण कोणत्याही भाषेत खरे बोलण्यासही शिकेल.