वर्गातील दांडगाई आणि आपण

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



शाळेतील पोरांची दांडगाई हा पक्षाच्या बैठकीचा विषय आहे काय, असे येताना मला एकाने विचारले. माझ्या मते आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. हुकुमाने मूल वर्गात येते. त्याच्या शेजारी कोण बसणार, हे मात्र वर्गच ठरवितो.

माझ्या वर्गात एका हमालाचा मुलगा होता. दप्तर पोत्याचे, म्हणून त्याचे नाव 'पोतं' पडले. मी त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही, पण हसलो. दिवाळीनंतर तो आलाच नाही. पुढे अर्थशास्त्र शिकविताना गळतीचे तक्ते मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडले आणि कारणाच्या रकान्यात 'दारिद्र्य' लिहिले. दारिद्र्याने त्याला शाळेपर्यंत येऊ दिले होते. परत पाठविले ते आमच्या हसण्याने.

नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या, तेव्हा पुढील वर्षी देशव्यापी मोहीम निघाली. तिच्यामागील संशोधक डॅन ओल्वेउस यांनी दांडगाईची खूण सांगितली: पुनःपुन्हा होणारा त्रास आणि दोघांच्या बळातील तफावत. ही तफावत आपल्याला नवी नाही. मालक व मजूर यांना समोरासमोर बसवून 'आपापसांत मिटवा' म्हटले की काय मिटते, हे आपण जाणतो. शाळेत मात्र दोघांचे हात मिळवून देतात, आणि शाळा सुटल्यावर दुबळा पुन्हा मार खातो. म्हणून दोघांशी वेगवेगळे बोलावे, तक्रार करणाऱ्याचे नाव फोडू नये. दांडगाई करणाऱ्याला शाळेतून काढून प्रश्न फक्त दुसऱ्या शाळेत जातो. तो स्वतः घरी मार खातो काय, हेही पाहावे. आणि सर्वांत आधी हसणाऱ्यांना गाठावे. ते माझ्यासारखेच, बहुधा भित्रे असतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागांतून खासगी शाळांना सूट देणारा नियम २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. आपण आनंद मानला, तो योग्यच होता. पण त्या जागेवर बसलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत 'फुकट्या' म्हणतात काय, हे विचारावयास आपल्यापैकी कोण गेले? सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असावेत, असे तोच कायदा सांगतो. आपल्यातील कितीजण त्या समित्यांत आहेत, त्यांनी आज येथे हात वर करावेत.