साखळीची दोन टोके

महाभारताच्या अखेरीस पांडव हिमालयाच्या वाटेला लागतात, तेव्हा त्यांच्या मागोमाग एक कुत्राही चालू लागतो. द्रौपदी पडते, चारही भाऊ एकेक करून पडतात, आणि शेवटी त्या वाटेवर उरतात ते धर्मराज आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन सामोरा येतो खरा. परंतु कुत्र्यासह येणाऱ्यास स्वर्गात जागा नाही, असे तो स्पष्ट बजावतो. धर्मराज त्या अटीवर रथात पाऊल ठेवावयास नकार देतो. आजच्या कोणत्याही मोठ्या शहरात सकाळी सहाच्या सुमारास सार्वजनिक उद्यानाच्या दाराशी उभे राहिले, तर हाच प्रसंग लहान प्रमाणावर घडताना दिसतो. दारावर कुत्र्यांस मनाई असल्याची पाटी असते, पाटीखाली पहारेकरी असतो आणि समोर साखळी धरलेला एक गृहस्थ असतो. फरक इतकाच, की या गृहस्थाला वाद घालण्यास सवड नसते. त्याला कचेरीची वेळ गाठावयाची असते. तो कुत्र्यासह माघारी वळतो. वळून तो कोठे जातो, याचा विचार मात्र ती पाटी लावणाऱ्याने सहसा केलेला नसतो.

कुत्र्याला फिरावयास नेणे म्हणजे त्याचे देहधर्म उरकून आणणे, अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. दहा मिनिटांत कोपऱ्यापर्यंत जावयाचे, परत यावयाचे, आणि तेवढ्यात तो एखाद्या खांबाशी रेंगाळला की पट्ट्याला हिसका द्यावयाचा! वस्तुतः कुत्र्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक उलगडते. माणूस सकाळी वर्तमानपत्र चाळतो, तसा तो खांब, कुंपण, गवताचा पुंजका चाळीत जातो. रात्री येथून कोण गेले, ओळखीचे की परके, नर की मादी, हे सारे त्याला तेथे कळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे वास घेऊन शोध घेण्याचा खेळ दिला आणि दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव दिला. नंतर अनिश्चित जागी ठेवलेल्या वाडग्याकडे, म्हणजे ज्यात खाऊ असेल किंवा नसेलही अशा वाडग्याकडे, पहिल्या गटातील कुत्री पूर्वीपेक्षा अधिक उत्सुकतेने धावली. दुसऱ्या गटात असा पालट दिसला नाही. प्रयोगातील कुत्री अवघी वीस होती, तेव्हा त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये. पण खांबाशी थांबलेल्या कुत्र्याला हिसका देण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, इतपत आधार त्यात खचित आहे.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्या कुत्र्याला ही फेरी मिळाली नाही, तर तो भुंकतो, दारे ओरबाडतो, आणि मग शेजाऱ्यांची तक्रार येते. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली गृहनिर्माण संस्थांना उद्देशून जी मार्गदर्शक सूचना काढली, तीत हेच कारण दिले आहे. बागांतून कुत्र्यांना सरसकट बंदी घालणे दूरदृष्टीचे नव्हे. त्यापेक्षा सर्वांच्या संमतीने त्यांच्यासाठी वेळा ठरवाव्यात, असा तिचा आशय आहे. सरकारी कागदातील सूचना पुष्कळदा कागदावरच राहतात. ही सूचना त्यांपैकीच एक ठरली आहे.

अर्थात पाटी लावणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती दुबळी नाही. ज्या देशात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने अजूनही माणसे दगावतात, तेथे कुत्र्याची भीती ही निव्वळ कल्पना म्हणता येत नाही. ज्या हिरवळीवर मुले लोळतात, तेथे पडलेल्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत उतरतात. काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांच्या अंगावर एखादे उमदे लॅब्रॅडॉर केवळ प्रेमाने झेपावले, तरी त्यांचे हाड मोडावयाचे ते मोडतेच. ‘आमचा कुणाला काही करीत नाही,’ हे मालकाचे ठरलेले वाक्य अशा वेळी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. सार्वजनिक जागा कुत्र्यासाठी आपल्या सोयीने वापरण्याचा मोह अधिकारपदालाही होतो. २०२२ साली दिल्लीतील एका क्रीडासंकुलात खेळाडूंना संध्याकाळी लवकर बाहेर काढले जाते आणि मग तेथे एक सनदी अधिकारी कुत्र्यास फिरवितात, असे वृत्त प्रसिद्ध झाले. अधिकाऱ्याने ते नाकारले; तथापि त्यांची बदली फार दूर झाली. कुत्र्याचे मत कोणी विचारले नाही.

तर उद्यानाच्या दारातून परत फिरलेल्या त्या गृहस्थापुढे दोन वाटा असतात. पहिली रस्त्याची. तेथे वाहने आहेत, फुटलेल्या काचा आहेत आणि मुख्य म्हणजे मोकाट कुत्री आहेत. परदेशी पुस्तकांतून श्वानपालनाचे जे धडे दिलेले असतात, त्यांत हा अध्याय बहुधा नसतो. आपल्याकडे प्रत्येक गल्लीला तिचे चार-दोन रहिवासी कुत्रे असतात आणि आपली हद्द ते कसोशीने राखतात. साखळीतला कुत्रा पळू शकत नाही, म्हणून तो अधिकच गुरगुरतो. तो गुरगुरला की समोरची टोळी चवताळते. अशा वेळी जाणता मालक ओरडत नाही, दगड उचलीत नाही; दुरूनच रोख ओळखतो आणि वाट बदलतो.

दुसरी वाट टेकडीची, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

पुण्याची वेताळ टेकडी घ्यावी. शहरातील हा सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. पहाटे तेथे फिरणाऱ्यांची रीघ लागते आणि त्यांच्याबरोबर कुत्रीही येतात. वर पोहोचताच कित्येक मालक साखळी सोडतात. मोकळी हवा, उतरते गवत, वाहनांचा मागमूस नाही. आठवडाभर कोंडलेल्या प्राण्याला येथे तरी धावू द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते गवत रिकामे नसते. टिटवी, तित्तिर, चंडोल, रातवा हे सारे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. मोर झाडावर झोपत असला, तरी लांडोरीचे घरटेही झुडपाच्या आडोशाला भुईवरच असते. टिटवीच्या घरट्याला घरटे म्हणणेही धाडसाचे आहे. चार खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी, एवढाच तो संसार! माणसाची नजर त्यावरून सहज घसरून जाते, कुत्र्याचे नाक मात्र चुकत नाही. आणि अंडी फुटलीच पाहिजेत असे नाही. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती पुष्कळदा ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. कुत्र्याच्या भयाने ती अर्धा-पाऊण तास आकाशात किंचाळत फिरत राहिली, तर खाली अंडी तापतात. कुत्र्याने त्यांना स्पर्शही केलेला नसतो आणि मालक निर्धास्तपणे सूर्योदय पाहत असतो.

यावर कोणी म्हणेल, मग साखळी सोडू नये म्हणजे झाले. दुर्दैवाने तेवढ्यानेही भागत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरालगतच्या रानवाटांवर दोन संशोधकांनी एक साधी पाहणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. माणूस कुत्र्यासह वाटेने गेल्यानंतर लगेच पक्षी मोजले, तेव्हा कोणीच न गेलेल्या वाटांच्या मानाने पक्ष्यांच्या जाती सुमारे ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. ही सारी कुत्री साखळीत होती. नुसत्या माणसांच्या जाण्याने झालेला परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. जेथे रोज कुत्री येतात तेथील पक्षी सरावले असतील, ही अपेक्षाही खोटी ठरली. ही मोजणी तात्कालिक होती, पक्षी काही वेळाने परतत असतील, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या टेकडीवर पहाटे पाचपासून आठपर्यंत दर पाच मिनिटांनी एक कुत्रा जातो, तेथे परतावयाचे तरी केव्हा?

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही. बेल्जियममधील गेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. फिरावयास आणलेल्या कुत्र्यांच्या मलमूत्रातून तेथे दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत जात असल्याचा अंदाज त्यात निघाला. शेतकऱ्याला हे फुकटचे खत वाटेल. रानाला मात्र ते मानवत नाही. हलक्या, निकस जमिनीवरच तग धरणाऱ्या वनस्पती खतावलेल्या जमिनीत माजणाऱ्या तणापुढे मागे पडतात. आपल्या टेकड्यांवरील मुरमाड जमिनीचा आणि तिच्यावर पावसाळ्यात उगवणाऱ्या इवल्याशा फुलांचा विचार याच अंगाने करावयास हवा. त्याच अभ्यासाचा हिशेब असा, की मालकांनी विष्ठा उचलून नेली तर स्फुरद जवळजवळ सगळे टळते आणि नत्र निम्म्याहून थोडे अधिक कमी होते. विष्ठा रानातच टाकली तर ती ‘निसर्गात मिसळून जाते’, हे समर्थन पुष्कळदा ऐकू येते. ती मिसळते, हीच तर अडचण आहे.

मुंबईत हा प्रश्न वेगळे रूप घेतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यास नेता येत नाही, आणि तेथे ही बंदी कुत्र्याच्याही हिताची आहे. बिबट्याला कुत्रा हे आयते भक्ष्य वाटते. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. उद्यानाच्या कडेकडेने पहाटेच्या अंधारात कुत्रा घेऊन फिरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उलट दिशेनेही धोका आहेच. २०१८ साली गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा मृतांपैकी काहींत श्वानज्वराचे, ज्याला डॉक्टर डिस्टेंपर म्हणतात त्याचे, विषाणू सापडले. घरच्या कुत्र्याला रेबीजबरोबर ही लसही वेळेवर टोचून घेणे, ही रानात पाऊल ठेवण्याची पहिली अट मानावयास हरकत नाही.

म्हणजे कुत्र्याला टेकडीवरून हाकलावयाचे काय? प्रश्न असा मांडला की उत्तर चुकते. टेकडीवरील भार कमी करावयाचा असेल, तर शहरातील दार उघडले पाहिजे. उद्यानातील हिरवळ माणसाने लावलेली, माणसाने कापलेली असते. तेथे टिटवीचा संसार क्वचितच असतो, आणि झाडावरचे कावळे-साळुंक्या कुत्र्याला केव्हाच पुरून उरलेले असतात. बंगळूरच्या १८७० साली स्थापन झालेल्या कब्बन उद्यानात कुत्र्यांसाठी स्वतंत्र कुंपण घातलेली जागा आहे. हैदराबाद महापालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात, पूर्वी जेथे कचरा टाकला जात असे अशा सुमारे १.३ एकर जागेवर, खास श्वानोद्यान उघडले. दिल्लीच्या लोदी उद्यानात सुलतानांच्या कबरींभोवतालच्या वाटांवर साखळीतली कुत्री चालताना दिसतात आणि त्याने कोणत्याही घुमटाला तडा गेलेला नाही.

त्यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. अर्धा एकराचा एक कोपरा, छातीइतके उंच कुंपण, एकामागे एक अशी दोन दारे, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद राहील आणि कुत्रा निसटणार नाही, पाण्याचा एक नळ आणि झाकणाची एक कचराकुंडी. जेथे एवढीही जागा नाही, तेथे सकाळी सहा ते साडेसात अशी वेळ ठरवून एक पायवाट नेमून द्यावी. विष्ठा न उचलणाऱ्यास दंड असावा आणि तो खरोखर वसूल व्हावा. न्यूयॉर्क शहरात असा कायदा १९७८ साली अमलात आला, तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल झाली होती. आज तेथील माणूस खिशात पिशवी न घेता कुत्र्याबरोबर निघाला तर त्यालाच ओशाळे वाटते.

टेकडी मग आठवड्यातून एखाद्या दिवसापुरती राहील. त्या दिवशी साखळी आखूड, वाट मळलेली, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर पुढे न जाता आल्या पावली मागे फिरणे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी परतावे, कारण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकीतच अंगातील उष्णता बाहेर टाकतो, आणि तापलेल्या डांबराने त्याचे तळवे पोळतात. पावसाळ्यात डबक्यातील पाणी त्याला पिऊ देऊ नये. आणि घरी आल्यावर त्याच्या कानांच्या मागे, बगलेत व बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून गोचीड आहे काय ते पाहावे. एक गोचीडही ज्वर देऊन जाते, आणि पुढचा महिनाभर त्या घरची सकाळ उद्यानात जाण्याऐवजी पशुवैद्याच्या दारात जाते.