पखवाजाची कणीक
(वडीगोद्री येथील अखंड हरिनाम सप्ताहात झालेल्या कीर्तनातील निरूपण. ध्वनिमुद्रणावरून.)



काल कीर्तन ऐन रंगात आलं होतं. टाळकरी पावली खेळत होते. तेवढ्यात मंडपामागून एक मोटारसायकल गेली. गेली म्हणजे कशी? आधी भडभड, मग फाट्कन एक आवाज! म्हाताऱ्या दचकल्या, लेकरं रडायला लागली, आणि मागची चार तरुण मंडळी चपला न घालताच उठली. काठी शोधायला लागली. मी म्हणलं, बसा. वारकऱ्याच्या हातात टाळ शोभतो, काठी नाही. तुम्ही बसलात, तुमचे उपकार. पण मी का बसवलं, ते आज सांगतो. आणि पहिल्या दिवसापासून तुम्ही विचारताय, महाराज, यंदा बाहेरचे भोंगे का काढायला लावले, कीर्तनाची वेळ 9 ते 11 ची 7 ते 9 का केली? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले. शरीराचं तप, वाणीचं तप, मनाचं तप. वाणीचं तप कोणतं? दुसऱ्याच्या मनाला उद्वेग होणार नाही असं बोलणं. खरं बोलणं, गोड बोलणं, हिताचं बोलणं. लक्षात घ्या माउली, खरं आणि गोड नंतर आलं. कोणाला त्रास होऊ नये, हे पहिलं आलं. मला सांगा, माणसाच्या तोंडाला जे लागू, ते माणसाच्या गाडीला लागू नाही का? गाडी काय आपोआप ओरडते?

आता जरा गाडीकडे जाऊ. हसू नका! महाराजाला गाडीतलं काय कळतं, म्हणाल. मला पखवाजातलं कळतं. आमचे मृदंगाचार्य कीर्तनाआधी काय करतात? डाव्या अंगाला कणीक लावतात. ओली, मळलेली. कणीक नसेल तर डावं अंग नुसतं कोरडं वाजतं. कणीक लागली की तोच आवाज खाली बसतो, घुमतो, गोड होतो. कणीक आवाज मारते का? नाही. आवाजाला वळण लावते.

आपल्या इथल्या एका मिस्त्रीनं मला सायलेन्सर कापून दाखवला, आणि मला कणीकच आठवली. इंजिनात दर वेळी पेट्रोलचा लहानसा स्फोट होतो. तो तापलेला धूर मोठ्या दाबानं बाहेर येतो. तो तसाच सोडला तर प्रत्येक वेळी बंदूक उडाल्यासारखा आवाज होईल. म्हणून सायलेन्सरच्या पोटात खोल्या केलेल्या असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाची एक लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि दुसरीला जिरवते. वाटेत एक जाळी असते, ती विषारी धूर कमी करते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या गाड्या आल्या. त्यात सेन्सर असतो. तो बाहेर पडणाऱ्या धुराची खबर गाडीच्या डोक्याला देतो, आणि डोकं ठरवतं, पेट्रोल किती सोडायचं. म्हणजे सायलेन्सर ही शेवटी जोडलेली नुसती नळी नाही, तो इंजिनाशी बोलणारा भाग आहे.

आणि पोरगं काय करतं? ते काढून फेकतं, आणि पोकळ नळकांडं बसवतं. धूर झपाट्यानं सुटतो. डोक्याचा हिशेब वेगळा, नळीचा हिशेब वेगळा. हवा जास्त, पेट्रोल कमी, असं झालं की इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळतात. त्यात चावी बंद-चालू करून फटाके काढायचे! न जळलेलं पेट्रोल गरम नळीत जातं आणि तिथं पेटतं. तो जो फाट्कन आवाज येतो ना, तो गाडीची ताकद नाही दाखवत. ते तुमच्या पैशाचं पेट्रोल रस्त्यावर जळतंय.

मायबाप, आता खरी गोष्ट. हे सगळं मला मिस्त्रीनं का समजावलं? कारण असं एक पोरगं माझ्याच घरात आहे. माझा नातू.

गाडी कोणाच्या पैशानं आली? तुम्ही मला जी बिदागी देता, तिच्यातून. मी म्हणलं, म्हातारपणी कीर्तनाला कोण सोडणार, नातू सोडील. त्यानं साडेचार हजाराचं नळकांडं बसवलं. मी आवाज ऐकला. रोज ऐकला. काही बोललो का? नाही. उलट गावात शिरताना लोक वळून बघायचे, महाराज आले म्हणायचे, आणि मला आतून बरं वाटायचं. जनाला सांगतो अहंकार सोडा, आणि स्वतःचा अहंकार मागच्या सीटवर बसून येतो! विठ्ठल विठ्ठल!

श्रावणात इंजिन बसलं. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिसवाल्यानं नळकांडं पाहिलं आणि पुस्तिका उघडून पुढं ठेवली. त्यात छापलेलं होतं: मूळ भागात फेरफार केला आणि त्यापायी बिघाड झाला, तर कंपनी बांधील नाही. नातू म्हणाला, "आबा, यांनी फसवलं." मी म्हणलं, "लेका, त्यांनी लिहून दिलं होतं. आपण वाचलं नव्हतं." अकरा हजार गेले. अक्कल आली का? नाही आली. इंजिन नवं झालं, नळकांडं तेच राहिलं. आणि मी तेव्हाही गप्प राहिलो.

मग पौषात ते घडलं. आपल्याकडं ऊसतोडीचे दिवस. पहाटेच्या अंधारात बैलगाड्या भरून कारखान्याच्या रस्त्याला लागतात. नातू मागून आला, गाडी ओलांडताना फटाका काढला. बैल बिचकले. एक बैल रस्ता सोडून खाली गेला, गाडी कलंडली, वर बसलेल्या बाईचा हात मोडला. बैलाला काय ठाऊक, पोरगं खेळतंय! त्याला वाटलं, वाघ आला.

नातू पळाला नाही, एवढं त्याचं पुण्य. तिला दवाखान्यात नेलं, मला फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या कोपीवर गेलो. मी हात जोडले. म्हणलं, "बाई, लेकराची चूक झाली. दवाखान्याचा खर्च आमचा, हात बरा होईस्तोवर मजुरीही आमची." ती माऊली काय म्हणाली ऐका. म्हणाली, "महाराज, त्याचा आवाज एकदाच झाला. पण तुमच्या सप्ताहाचे भोंगे आमच्या कोप्यांकडं तोंड करून असतात. आम्ही तीनला उठतो. बाराला झोप लागते. देवाचं नाव हाय म्हणून कोणाला बोलता येत नाही."

मायबाप, पन्नास वर्षं झाली माळ घालून. इतकं खरं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी नातवाचा सायलेन्सर बघायला गेलो होतो, तिनं माझा दाखवला.

घरी येऊन एका वकिलाकडून कायदा समजून घेतला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, तिथं दिवसा 50 आणि रात्री 40. नव्या मोटारसायकलीला तिच्या इंजिनाच्या आकाराप्रमाणे 75 ते 80 ची मर्यादा. आणि हा हिशेब आपल्या बेरजेसारखा नाही बरं का! 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली, 20 वाढले म्हणजे शंभरपट. सायलेन्सर बदलून जास्त आवाज केला तर मोटार वाहन कायद्याच्या 190 कलमाखाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर तीन महिने लायसन्स जातं. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असे सायलेन्सर जमा करून त्यावर रोडरोलर फिरवला. पण मी म्हणतो, रोडरोलर फिरायची वाट कशाला बघायची? नातवानं स्वतः मिस्त्रीकडं जाऊन जुना सायलेन्सर चढवला. ते नळकांडं दारात पडलंय. मी भंगारात देऊ दिलं नाही. येता-जाता दिसू द्या, त्याला आणि मलाही.

कोणी म्हणेल, महाराज, आपली वडीगोद्री रस्त्यावरचं गाव. धुळे-सोलापूर महामार्ग इथून, जालन्याचा फाटा इथं, रात्रंदिवस ट्रक. एक मोटारसायकल गप्प झाल्यानं काय होणार? अहो, नाथमहाराज आपले शेजारी, पैठणचे. रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. जगात तहानलेली गाढवं किती आहेत, याचा हिशेब मांडत बसले नाहीत. समोर होतं त्याला पाजलं. आपल्या समोर ज्याची झोप आहे, ती राखायची.

कावड घेऊन जाताना नाथांनी डंका वाजवला नाही, आणि तरी चारशे वर्षं ती गोष्ट ऐकू येते. मोठा आवाज लांब जातो, पण टिकत नाही.

शेवटचं सांगतो. हा देह आपल्याला पांडुरंगानं दिला. त्यात विवेक नावाची कणीक आतूनच लावून दिली. आपण ती खरवडून काढतो, आणि मग आपला क्रोध भडभडतो, आपला मोठेपणा फाट्कन वाजतो. कंपनी म्हणते, फेरफार केला, वॉरंटी संपली. पांडुरंग तसं म्हणत नाही. तो म्हणतो, बिघडवून आणलास? आण. पण माउली, गैरसमज नको. देव जवळ घेतो म्हणून बैलगाडीतल्या बाईचा हात आपोआप बसत नाही. दवाखान्याचा खर्च आपणच द्यायचा, माफी आपणच मागायची, सायलेन्सर आपणच बदलायचा.

काल गाडी घेऊन गेलेलं पोरगं आज मंडपात असेल तर त्यानं भिऊ नये. कोणी त्याला हात लावणार नाही. उद्या काल्याला ये. गाडी लांब लाव, चालत ये, आणि माझ्या नातवाजवळ बस. तो टाळ धरायला शिकतोय. टाळसुद्धा जोरात आपटायचा नसतो, हे त्याला कालच कळलं. तुलाही सांगेल.

आणि ऊसतोडीची मंडळी आत्ता कोप्यांत निजलीत. म्हणून आजचा जयजयकार मनापासून, पण बेताच्या आवाजात. देव बहिरा नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!