हिमालयातील पहिली पंधरा मिनिटे

श्रोतेहो, आमच्या खजराण्यात हिमवर्षाव होत नाही. म्हणूनच हिवाळी सुट्टीत हिमालयाकडे निघणाऱ्या इंदूरच्या तरुणांना हिमाचा स्वभाव सांगितला पाहिजे.

हिम थरांनी साचते. खालचा थर कच्चा असला, की ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही वरचा थर सुटून कोसळतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा–२’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे २९ जण अशाच हिमस्खलनाचे बळी ठरले. त्यांत दोन प्रशिक्षकही होते. जाणकारांचीही येथे फसगत होते.

हिमाखाली गाडलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढल्यास बहुधा वाचतो. अर्ध्या तासाने आशा मावळते. एवढ्या अवधीत बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. सोबतीच तारणहार ठरतो. म्हणून प्रत्येकाजवळ ठाव सांगणारे संदेशयंत्र, शोधकाठी व फावडे असावे आणि त्यांचा सराव असावा. ताज्या हिमवर्षावानंतर एक-दोन दिवस थांबावे. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडावा, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

पालकहो, मुलांच्या सहलीचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एवढेच विचारा : बर्फात कुणी गाडला गेला, तर त्याला काढणार कोण, आणि कशाने?